विजयमालेचा फ्रिज

"विजयमाला सर्जेराव जमदाडे कोण?"

टेबलामागच्या बाईंनी लाईट बिल वर धरून विचारलं. आमच्या मागं लांबलचक रांग होती आणि प्रत्येकाबरोबर एकेक जुना फ्रिज. कुणाचा हातगाड्यावर, कुणाचा टेम्पोत, एकाचा तर चक्क बैलगाडीत. तासगावच्या त्या मैदानावर एरवी गणपतीत ऑर्केस्ट्रा व्हायचा, त्या दिवशी फ्रिजांची जत्रा भरली होती.

नवऱ्यानं मला कोपरानं हळूच ढोसलं. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुढं झाले.

"बोला की ताई. तुम्हीच का विजयमाला?"

विजयमाला माझी सवत. तिला जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

तिला मी कधी पाहिलेलं नव्हतं, भिंतीवरचा फोटो तेवढा रोजचा. माझं लग्न झालं तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. आटपाडीत माझ्या वडिलांनी पत्रिका घेऊन हिंडून हिंडून चपला झिजवल्या आणि शेवटी बिजवराच्या घरी दिली. माणूस चांगला होता. दारू नाही, तंबाखू नाही, पोरबाळ नाही. घरात फक्त सासू. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. वडील म्हणाले, "हेमा, नशीब काढलंस." मलाही वाटलं, काढलं. घरात शिरल्यावर कळलं की जागा आधीच भरलेली आहे.

जिवंत सवत असती तर एकदा नळावर कडाक्याचं भांडून मोकळी झाले असते. हिच्याशी भांडायची सोय नव्हती, कारण ती कधी चुकायचीच नाही. भाकरी तिची पातळ, आमटी तिची झणझणीत, पापड करावेत तर तिनंच. मेलेल्या माणसाच्या हातून मीठ कधी कमीजास्त पडत नाही. नवी साडी आली की आधी देवघरात तिच्या चांदीच्या टाकापुढं ठेवायची, हळदीकुंकू वाहायचं आणि मग मी नेसायची. दुसरेपणावर गेलेल्या बाईला ही रीत पाळावीच लागते, मीही पाळत होते. पण आत्याबाईंनी ती रीत साडीवर थांबवली नव्हती. पहिला आंबा आला, "आधी तिला दाव." दिवाळीचा लाडू, "आधी तिला." चार वर्षांत त्या घरात उष्टी न झालेली एक वस्तू माझ्या हाताला लागली नाही.

ते सगळं मी गिळलं. फ्रिज मात्र गिळवेना.

पिस्ता रंगाचा, बुटका, स्वयंपाकघराच्या दाराशीच उभा. तिनं हौसेनं घेतलेला. दारावर तिनं चिकटवलेला पोपट, त्याची चोच उडालेली. सगळी आळी त्याला विजयमालाचा फ्रिज म्हणायची. "हेमा, विजयमालाच्या फ्रिजात जरा आमचं श्रीखंड ठेव गं." मी ठेवायची. दिवसभर तो गुरगुरायचा, मध्येच गप्प व्हायचा, आणि मी निवांत बसले की अंगात आल्यागत थडथडून पुन्हा सुरू व्हायचा.

आमचे हे बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मशिनवर ऑपरेटर होते. गारठा राखणं हाच त्यांचा धंदा, त्यामुळं तो फ्रिज काही मरत नव्हता. गॅस संपला, ह्यांनी भरला. दाराचं रबर ढिलं झालं, ह्यांनी सांगलीहून शोधून आणून बसवलं. रविवारी सकाळी त्याच्या मागं बसून जुन्या दातांच्या ब्रशनं जाळी साफ करायचे. संध्याकाळी कामावरून आले की आधी फ्रिजच्या अंगाला कान लावायचे. "आज कंप्रेसर जरा जड चाललाय," असं म्हणायचे, तेही काळजीच्या आवाजात. मी एकदा तापानं फणफणले होते तेव्हा माझ्या कपाळाला हात लावायला ह्यांना दुसरा दिवस उजाडला होता.

मी त्या फ्रिजवर जळत होते, सांगायला मला लाज वाटत नाही. बाई बाईवर जळते हे जगाला माहीत आहे, मी लोखंडी डब्यावर जळत होते.

आणि मग एका दुपारी भोंगा लावलेली रिक्षा आळीतून गेली. घरातला जुना, चालू फ्रिज आणून द्या, कमी वीज खाणारा फाईव्ह स्टारवाला नवा घ्या, किमतीत सरकारची सवलत मिळवा. शनिवारपर्यंत मैदानावर शिबिर. मी हातातलं पीठ झटकत दारात जाऊन पुन्हा एकदा सगळं ऐकलं.

संध्याकाळी जेवताना मी विषय काढला.

"आपला द्यायचा का?"

"चालतोय की चांगला," हे म्हणाले.

"चालतोय म्हणूनच घ्यायला लागलेत. बंद पडल्यावर कोण घेतंय? आणि वीज किती खातो ते बघा जरा. घरात तीन माणसं आणि बिल लग्नकार्याच्या घरासारखं."

"बघू."

ह्यांचं 'बघू' मला ठाऊक होतं. त्या 'बघू'च्या पोटात आमचं महाबळेश्वर होतं, माझी शिलाई मशिन होती, आणखी बरंच काही होतं.

"त्या जुन्या फ्रिजांचं पुढं काय करतात हो?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कंप्रेसरला भोक पाडतात. समोरच. परत कुणी चालू करून विकू नये म्हणून."

त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली.

मग मी सोडलंच नाही. दूध नासलं की पातेलं त्यांच्या नाकाखाली नेऊन धरायची. बर्फाच्या कप्प्यात डोंगर साठला की बोलवून दाखवायची. हे स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायचे. गुरुवारी तसेच बसले होते, फ्रिजचं दार उघडं टाकून, आणि एका हातानं त्या पोपटाचा सुटलेला कोपरा दाबत होते. माझं डोकं फिरलं.

"मी या घरात आल्यापासून सगळं तिचं झाल्यावर मला मिळतंय," मी म्हणाले. "साडी, आंबा, नवरासुद्धा. एक वस्तू तरी आधी माझी होऊ दे. एकच. नाहीतर फ्रिजला ठेवून घ्या आणि मला आटपाडीच्या गाडीत बसवून द्या."

आत्याबाई बाहेरच्या खोलीत शेंगा फोडत होत्या. शेंगा फोडल्याचा आवाज थांबला.

ह्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाले, "देऊ. शनिवारी देऊ."

मी जिंकले होते. पण माझं जिंकणं कधी धड असायचं नाही. शुक्रवारी हे शिबिराची चौकशी करून आले आणि चपला न काढताच ओट्यावर बसले.

"ज्याच्या नावावर मीटर, त्यानं स्वतः यायला लागतंय. ओळखपत्र वगैरे काही बघत नाहीत. लाईटचं बिल आणि माणूस समोर, एवढंच. समोर सही करायची."

"मग जा की तुम्ही."

"मीटर तिच्या नावावर आहे."

घर बांधलं तेव्हा बायकोच्या नावावर केलं होतं, मीटरही. दर महिन्याला बिलावर तिचं नाव छापून यायचं आणि मीच ते खिळ्याला अडकवायची. मला त्याची इतकी सवय झाली होती की हे कधी आडवं येईल असं सुचलंच नव्हतं. म्हणजे फ्रिज तिचा, मीटर तिचं, आणि सरकारची सवलतही तिलाच. सरकारसुद्धा आत्याबाईंच्या रीतीनं चालत होतं. आधी तिला.

"नाव बदलून घेता येतं की," मी म्हणाले.

"महिना जातोय त्यात. शिबिर उद्या संपतंय."

आत्याबाई आतून बाहेर आल्या. "एवढं काय त्यात डोकं धरून बसायचं? हेमा जाईल की. म्हणायचं, मीच विजयमाला. कोण बघाय येतंय? सही करायची न् यायचं."

मी ह्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हे म्हणतील, आई, असं कसं. हे जमिनीकडं बघत म्हणाले, "तुला चालत असलं तर."

"न चालायला काय झालं? तिची साडी न्हाई का नेसत?" आत्याबाई म्हणाल्या. "आणि हे बघ, नवा आला की दार उघडायच्या आधी हळदीकुंकू तिला. तिच्या नावावर येणार हाय तो."

दुसऱ्या कुणी त्या घटकेला आदळआपट केली असती. मी नाही केली. मी मनात हिशोब मांडला. तिला घरातून घालवायचं तर अर्ध्या तासापुरतं तिचं नाव घ्यावं लागणार होतं. काट्यानं काटा काढावा तसं. कंप्रेसरला भोक पडताना मी समोर उभी असणार होते, आणि ते बघायला मी विजयमाला काय, कुणीही व्हायला तयार होते.

"चालेल," मी म्हणाले.

आणि म्हणून शनिवारी त्या टेबलापुढं, डोक्यावर पदर घेऊन, मी सांगितलं, "हो, मीच."

बाईंनी बिलावर टिचकी मारली आणि बाजूच्या माणसाला खूण केली. त्यानं फ्रिजची पिन तिथल्या फळीवरच्या सॉकेटमध्ये खोचली, कारण चालू असलेलाच फ्रिज घ्यायचा असा नियम होता. फ्रिजनं नेहमीसारखी एक थडथड केली आणि एका लयीत सुरू झाला. त्या माणसानं दार उघडून आत हात घातला, मागची जाळी बघितली आणि मान हलवली.

"काय ठेवलाय हो फ्रिज. सकाळपासून इतका स्वच्छ एक नाही आला. वहिनी, हात फिरलाय तुमचा."

मी हसले. तिचं नाव घेतलं होतं, आता तिचं कौतुकही पदरात घेतलं. ते कौतुक खरं तर ह्यांचं होतं आणि ह्यांनी ते तिच्यासाठी केलेलं होतं. तिघांच्यात माझं त्यात काहीच नव्हतं. मागं पलीकडं एका फ्रिजला ड्रिल लावलं होतं. भोक पडताना आधी किरकिर झाली, मग गॅस फुस्सकन निघून गेला. माझ्या अंगावर शहारा आला, गोड शहारा. पुढचा नंबर हिचा.

"इथं सही करा, विजयमालाताई."

मी पेन घेतलं. सही काही अवघड नव्हती, रात्री वहीच्या मागच्या पानावर गिरवून बघितली होती. मी 'वि' काढला. 'ज' काढायला पेन टेकवलं, तेवढ्यात ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"थांब."

मला वाटलं, सही चुकतेय.

"मॅडम," हे म्हणाले, "ही विजयमाला नव्हे. विजयमाला वारली."

आजूबाजूचे चारदोन लोक वळून बघायला लागले. मी ह्यांच्या तोंडून तो शब्द कधी ऐकला नव्हता. घरात नेहमी 'ती असताना' असंच बोलायचे, जणू काही ती माहेरी गेली आहे आणि पंचमी झाली की येईल.

"मग ह्या कोण?" बाईंनी विचारलं.

"हेमलता. आमची मालकीण."

बाईंनी माझ्या हातातलं पेन घेऊन खाली ठेवलं. त्या चिडल्या नाहीत, उलट त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. "अहो, मग आधी मीटर नावावर करून घ्यायचं नाही का? आज शेवटचा दिवस. मला काही करता येणार नाही."

"बरोबर आहे," हे म्हणाले. आणि त्यांनी स्वतः जाऊन फ्रिजची पिन काढली, वायर व्यवस्थित गुंडाळली.

परत येताना आम्ही दोघं टेम्पोच्या मागं बसलो होतो, मध्ये फ्रिज. रस्ता खराब होता. खड्डा आला की हे एका बाजूनं फ्रिज धरायचे आणि मला दुसऱ्या बाजूनं धरावा लागायचा. ज्याला भोक पाडायला नेला त्याला सांभाळून घरी आणत होते. माझ्या डोळ्यांतून संतापानं पाणी येत होतं.

चौक ओलांडल्यावर मी ह्यांच्याकडं वळले. मग म्हणाले, "नाही ना सहन झालं?"

"काय?"

"तिचं नाव माझ्या तोंडात. तिची सही माझ्या हातानं. फ्रिज द्यायला तयार होता तुम्ही, नाव मात्र देववेना. एवढं सोवळ्यात ठेवायचं होतं तर आणलीत कशाला मला तिथं? चार लोकांत खोटी पाडलीत."

हे फ्रिज धरून रस्त्याकडं बघत बसले. मला त्याचाच राग जास्त. मी फ्रिजवरचा हात काढून घेतला, पुढच्या खड्ड्याला तो ह्यांच्या अंगावर कलला. ह्यांनी खांद्यानं तो पुन्हा उभा केला.

"लग्नात तांदळात नाव लिहायचं होतं, आठवतंय?" हे म्हणाले.

आठवत होतं. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरामुलगा अंगठीनं त्यात नवरीचं नवं नाव लिहितो. ह्यांनी अंगठी हातात घेतली आणि तशीच धरून बसले. गुरुजींनी दोनदा सांगितलं, लिहा. बायका खुसफुसायला लागल्या. कुणीतरी मागून म्हणालं, पहिलीची आठवण आली वाटतं. माझी मान आणखी खाली गेली होती. माझ्या जळण्याची सुरुवात तिथनंच होती. मग एकदाचं त्यांनी लिहिलं, हेमलता. माझं माहेरचंच नाव. नवं नाव शोधायचीही ह्यांना हौस नाही, असं मी तेव्हा धरून चालले होते.

"तिला आठवत बसला होता," मी म्हणाले. "सगळ्या मांडवाला कळलं होतं."

"आई कानात म्हणाली होती, विजयमालाच लिही."

टेम्पोवाल्यानं गिअर बदलला. मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"घर तिच्या नावावर, मीटर तिच्या नावावर," हे म्हणाले. "हिचंही नाव तेच ठेवलं की कुठं काही बदलायला नको, असं आईचं म्हणणं. लोक ठेवतात पण तसं. आमच्या मामांच्यात ठेवलंय. सगळ्यांच्याच सोयीचं होतं. मला पण एक घटका तसंच वाटलं."

"मग का नाही ठेवलं?"

ह्यांनी फ्रिजवरनं माझ्याकडं बघितलं. ह्यांना मोठं बोलायची सवय नाही.

"एक बाई गेली होती घरातनं. दुसरी आली, तिला पण आल्या आल्या घालवायची का?"

मी फ्रिजला पुन्हा हात लावला, धरायला काहीतरी हवं होतं म्हणून.

"आणि काल मीच तुला म्हटलं, तुला चालत असलं तर," हे म्हणाले. "एका सवलतीसाठी. तू 'वि' काढलास तेव्हा ध्यानात आलं."

मत्सर गेला का म्हणाल, तर तो असा एका दुपारीत जात नाही. सवत ती सवत. पण त्या टेम्पोत मला पहिल्यांदा विजयमालेचं वाईट वाटलं. सात वर्षं झाली तरी बिचारीला कुणी वारू दिलं नव्हतं, आणि त्यात मीही होते. सगळ्यांत जास्त जिवंत तिला मीच ठेवली होती.

टेम्पो दारात थांबला. ह्यांनी आणि टेम्पोवाल्यानं फ्रिज खाली घेतला. आत्याबाई उंबऱ्यात आल्या. त्यांच्या हातात हळदीकुंकवाचं ताट तयार होतं, आणि समोर तोच चोच उडालेला पोपट.

"ह्यो परत का आणला?" त्यांनी विचारलं. मग माझ्याकडं वळल्या. "नाव सांगितलं न्हाईस व्हय गं?"

"मी नाही सांगितलं, आत्याबाई," मी म्हणाले. "ह्यांनी सांगितलं."

"मग? काय सांगितलं त्यानं?"

"माझं."